पुन्हा दिसले नाही

या खणात एकूण सतरा वस्तू आहेत. नऊ पेनं, त्यांपैकी सहा वाळलेली. चष्मा पुसायची दोन फडकी. एक कात्री, एक मोजपट्टी. तीन किल्ल्या, ज्यांची कुलपं या घरात नाहीत. आणि मी.

मित्रांनो, मी एक जुना कंट्रोलर आहे. व्हिडिओ गेम खेळताना दोन्ही हातांत धरतात, तोच. माझ्या पाठीवर पांढऱ्या चिकटपट्टीचा एक तुकडा आहे आणि त्यावर शाईने ‘चांगला’ असं लिहिलेलं आहे. माझ्या आयुष्यात पुढे जे झालं ते या एका शब्दामुळे झालं, म्हणून तो आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. माझ्या अंगावर चौदा बटणं आणि अंगठ्याने हलवायच्या दोन छोट्या दांड्या बसवल्या. दांडीखाली एक बारीक पट्टी असते. दांडी हलली की त्या पट्टीवरून धातूची एक जीभ सरकते, आणि ती कुठे आहे त्यावरून एक आकडा तयार होतो. पूर्ण उजवीकडे एक, पूर्ण डावीकडे उणे एक, आणि कोणी हात लावला नाही तर शून्य. कारखान्यातल्या तपासनिसाने मला टेबलावर ठेवलं, स्वतःचे हात मागे घेतले आणि पडद्याकडे पाहिलं. शून्य. त्याने मला पुढे सरकवलं. त्यानंतर कित्येक वर्षं मला हात न लावता कोणी माझ्याकडे पाहिलं नाही.

मी जिथे कामाला लागलो ती गेम बनवणारी छोटी कंपनी होती. शिलाईच्या दुकानावर तीन खोल्या. खालची यंत्रं सुरू झाली की आमची टेबलं किंचित थरथरायची. आम्ही दोन कंट्रोलर होतो. दुसऱ्याची वायर सारखी तुटायची, म्हणून काकूने त्याच्या पाठीवर ‘नको’ लिहिलं आणि माझ्या पाठीवर ‘चांगला’. तो खोक्यात गेला. मी सगळ्यांच्या हातांत फिरू लागलो.

काकू कोणाचीच काकू नव्हती. ती कंपनी चालवायची. पूर्वी ती बस डेपोत चालकांच्या पाळ्या लावायची. इथे कोणी काय आणि कधीपर्यंत करायचं ते लावायची. तिला चित्र काढता येत नव्हतं, प्रोग्रॅम लिहिता येत नव्हता, पण ती एक दिवस आली नाही तर बाकीचे सगळे एकमेकांची वाट बघत बसायचे.

प्रोग्रॅम लिहायचे ते मास्तर. ते खरोखरच शाळेत गणित शिकवायचे. वर्गासाठी त्यांनी पाढ्यांचा एक गेम केला होता, एकाच पडद्याचा. तो दाखवायला ते इथे आले आणि राहिले. चित्रं काढायचा रंगारी. तो आधी औषधांच्या खोक्यांवरची चित्रं काढायचा. नोकरी मागायला येताना त्याने एकच गोष्ट आणली होती: चालणाऱ्या एका बाईची आठ चित्रं. ती भराभर दाखवली की बाई चालायची, आणि ती दमलेली आहे हे कळायचं.

काकूने विचारलं, “हिच्या हातात काय जड आहे रे?”

“दिवा,” रंगारी म्हणाला. “काढायचा राहिलाय.”

आमचा गेम तिथूनच निघाला. एक दिवेवाली अंधाऱ्या गावात एकेक दिवा लावत जाते. तिच्या पावलांचा आवाज कानसेनचा. तो आधी कानात घालायची श्रवणयंत्रं दुरुस्त करायचा. ओल्या दगडावरचं पाऊल त्याने वाडग्यातल्या वाटाण्यांवर ओला टॉवेल दाबून मिळवलं होतं, आणि ते वाडगं कोणी हलवलं की तो दिवसभर बोलायचा नाही.

आणि शंकासुर. ही सव्वीस वर्षांची मुलगी, आमची टेस्टर, म्हणजे गेममधल्या चुका शोधणारी. ती आधी रक्त तपासायच्या लॅबमध्ये यंत्र चालवायची. कंपनीने गेमचा एक तुकडा लोकांना फुकट खेळायला दिला होता. तो खेळून तिने एक्केचाळीस चुका लिहून पाठवल्या. कुठे झाली, काय केल्यावर झाली, दहा वेळा केलं तर किती वेळा झाली.

“ही पोरगी भांडायला आलीये की नोकरी मागायला?” काकू म्हणाली.

“दोन्ही असेल,” मास्तर म्हणाले. “बोलवा. एक्केचाळीसपैकी एकोणचाळीस बरोबर आहेत.”

ती आली तेव्हा तिने आधी उरलेल्या दोन चुका कुठल्या ते विचारलं. त्या दिवशी तिचं नाव पडलं. पुढची दोन वर्षं मी सगळ्यात जास्त तिच्या हातात होतो. ती मला आपटायची नाही, चहाजवळ ठेवायची नाही. तरीही माझी डावी दांडी झिजत होती. तिच्याखालच्या पट्टीला दिवसातून हजारदा घासलं जात होतं. आता हात काढला तरी माझा आकडा शून्यावर येत नव्हता. उजवीकडे सहा शतांश. मला ते कळत होतं. बोलता येत नव्हतं.

शंकासुरने ते पकडलं. तिची नोंद मला तोंडपाठ आहे. ‘क्रमांक २१२. अंगठा उचलला की दिवेवाली उजवीकडे सरकते. दहापैकी दहा वेळा. दुसऱ्या कंट्रोलरवर तपासावे.’

“दांडी मारतेय ती,” रंगारी म्हणाला. “काम सोडून निघाली.”

“दांडीनेच दांडी मारली म्हण,” कानसेन म्हणाला. दोघं बराच वेळ हसत होते.

मास्तरांनी हसत हसत प्रोग्रॅममध्ये एक ओळ टाकली. डाव्या दांडीचा जो आकडा येईल त्यातून सहा शतांश वजा करायचे. ओळीपुढे त्यांनी लिहिलं, ‘तात्पुरतं’. दिवेवाली जागेवर उभी राहिली. दहापैकी दहा वेळा.

“पण दुसऱ्यावर बघायला हवं,” शंकासुर म्हणाली.

“दुसरा ‘नको’ आहे,” मास्तर म्हणाले. “काकू नवा मागवणारेत. आला की बघू.”

नवा आला नाही. त्याच आठवड्यात आमचा रचनाकार नोकरी सोडून गेला. गेममध्ये कुठे पूल, कुठे भिंत, खेळणाऱ्याने कुठे घाबरायचं आणि कुठे श्वास घ्यायचा, हे ठरवणं त्याचं काम. सहा टप्पे त्याने केले होते. सातवा, शेवटचा, राहिला होता. शंकासुरला पहिल्या दिवसापासून हेच काम हवं होतं. तिने वहीत सातव्या टप्प्याचे अकरा आराखडे काढले होते, हे फक्त मला आणि काकूला माहीत होतं.

काकूने तिला खुर्ची ओढून बसवलं. “सव्वा महिन्याने गेम बाजारात आणणारे प्रकाशक येताहेत. सातवा टप्पा तू कर. त्यांना पटला तर रचनाकाराची खुर्ची तुझी.”

“आणि नाही पटला तर?”

“तर इथे कोणाचीच खुर्ची राहायची नाही, बाई.”

कामाला लागण्याआधी शंकासुरने आपल्या जुन्या नोंदी आवरल्या. चौदा उघड्या, म्हणजे अजून न मिटलेल्या होत्या. तेरा तिने मास्तरांकडे दिल्या. २१२ वर ती थोडा वेळ थांबली. मग मला हातात घेतलं, दिवेवालीला उभं केलं, अंगठा उचलला. दिवेवाली हलली नाही. तिने लिहिलं, ‘पुन्हा दिसले नाही. बंद.’

मित्रांनो, हे खोटं नव्हतं. पुन्हा दिसलं नव्हतंच. पण पाहिलं होतं फक्त माझ्यावर, आणि ती ओळ माझ्याच मापाने शिवलेली होती.

तिचा टप्पा असा होता. एक अरुंद लाकडी पूल. मधोमध पोचलं की दांडी सोडून द्यायची आणि दहा सेकंद नुसतं उभं राहायचं. मग अंधारातून एक पाखरू येऊन दिवेवालीच्या खांद्यावर बसायचं आणि समोरच्या तीरावरचे दिवे आपोआप लागायचे. सहा टप्पे जी सतत चालत होती, तिला पहिल्यांदा थांबायला मिळायचं. कानसेनने त्या दहा सेकंदांसाठी एकही आवाज ठेवला नाही. पहिल्यांदा पाखरू बसलं तेव्हा रंगारी उठून खिडकीपाशी गेला आणि उगाच बाहेर बघत राहिला.

त्या सव्वा महिन्यात मी आणखी झिजलो. सहाचे आठ शतांश झाले, आठाचे अकरा. दिवेवाली जरा सरकली की मास्तर तो आकडा बदलायचे. ‘तात्पुरतं’ हा शब्द त्यांनी बदलला नाही.

प्रकाशकांकडून दुपारी दोघं आले, एक उंच बाई आणि एक चष्मेवाले गृहस्थ. काकूने मला पुढे केलं. “हा घ्या, चांगला आहे.”

“आमचा आणलाय,” बाई म्हणाल्या. “हाताला सवय असते.”

पहिले सहा टप्पे व्यवस्थित गेले. त्यांत सतत चालायचं असतं. चालताना थोडी ढकल लागली तर अंगठा ती आपोआप सावरतो. बाई दोनदा हसल्या. मग पूल आला. त्या मधोमध गेल्या आणि अंगठा उचलला. दिवेवाली डावीकडे सरकू लागली आणि पाण्यात पडली.

“मी हात लावलेला नाही,” बाई म्हणाल्या.

त्यांनी पुन्हा केलं. नऊ वेळा केलं. त्यांचा कंट्रोलर नवा होता. तो खरं शून्य सांगत होता, आणि मास्तरांची ओळ त्या शून्यातून अकरा शतांश वजा करत होती. नऊ वेळा दिवेवाली पडली. खाली शिलाईची यंत्रं चालू होती.

काकूने मला पुन्हा पुढे केलं. माझ्यावर पाखरू पहिल्याच खेपेला आलं.

“छान,” चष्मेवाले म्हणाले. “प्रत्येक गिऱ्हाइकाला हाच पाठवणार का?”

दोघं जिना उतरेपर्यंत मास्तरांना ओळ सापडली होती. काढायला चार सेकंद लागले. पण प्रकाशक जाताना नोंदींची यादी घेऊन गेले होते. चार दिवसांनी पत्र आलं. गेम सुंदर आहे, असं त्यात आधी लिहिलं होतं. मग लिहिलं होतं, ‘सातवा टप्पा ज्यांनी बनवला, त्यावर परिणाम करणारी नोंद २१२ त्यांनीच बंद केलेली दिसते. बाकीच्या किती नोंदी अशा बंद झाल्या असतील, हे कळायला आम्हाला मार्ग नाही.’

शंकासुर पत्र वाचून म्हणाली, “लॅबमध्ये रोज सकाळी पहिली नळी नुसत्या पाण्याची लावायचे मी. यंत्राने शून्य दाखवलं नाही तर कोणाच्या रक्ताला हात लावायचा नाही. तीन वर्षं. एक दिवस चुकला नाही.”

“ओळ मी टाकली,” मास्तर म्हणाले.

“मी बंद केली.”

महिनाअखेरीला खोल्या रिकाम्या झाल्या. मास्तर शाळेत परतले. रंगारीला पाठ्यपुस्तकांचं काम मिळालं. कानसेन वाडगं आणि वाटाणे घेऊन गेला. कुठे, ते माहीत नाही. शंकासुरने मला उचललं.

“हा नेऊ का, काकू?”

“ने गं. पण ती पाठीवरची चिकटपट्टी काढून टाक.”

तिने काढली नाही.

आता ती पुन्हा लॅबमध्ये जाते. तिला माझी आठवण येते की माझा राग, हे मला सांगता येणार नाही. खण उघडतो, पेन शोधलं जातं, खण बंद होतो. मला दोष देऊ नका, असं मी म्हणणार नाही. झिजणं माझ्या हातात नव्हतं, पण माझ्यामुळे पाच माणसांची घडी मोडली, हे खरं आहे.

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणाला गेम बनवायचे असतील. कोणी चित्रं काढेल, कोणी आवाज शोधेल, कोणी नुसत्या चुका पकडेल. सुरुवात लहान करा. आठ चित्रं, एक पडदा, एक्केचाळीस चुका, एवढ्यावर माणसं आत आलेली मी पाहिली आहेत. पण जे स्वतः बनवाल ते दुसऱ्याकडून तपासून घ्या. आणि ज्या वस्तूवर तुमचा भरवसा आहे, तिच्यावरून कधीतरी हात काढून घ्या आणि ती एकटी काय करते ते पाहा. तिच्या पाठीवर काय लिहिलंय, ते त्या वेळी वाचू नका.

गेल्या रविवारी सकाळी खण उघडला आणि पेन न घेता तिने मला बाहेर काढलं. तिच्या संगणकावर एक पडदा होता, त्यात एक फळी आणि फळीवर एक बाई. बाकी काही नव्हतं. शेजारी एक नवा कंट्रोलर होता, त्याच्या पाठीवर काही लिहिलेलं नव्हतं. तिने आधी त्याची वायर जोडली, हात मांडीवर ठेवले, घड्याळ लावलं, वहीत एक आकडा लिहिला. मग माझी जोडली. पुन्हा हात मांडीवर. तिने वहीत लिहिलं:

नवा. डावी दांडी, हात न लावता, साठ सेकंद: ०.००.

जुना. डावी दांडी, हात न लावता, साठ सेकंद: उजवीकडे ०.१४.