काहीच न मागणारा प्रोग्रॅम

रंगनाथ सरांची बोटं कीबोर्डवर असताना तुम्ही त्यांचा लॅपटॉप बंद केलात. मी शेजारच्याच खुर्चीत होते, तेव्हा नाही म्हणू नका.

सर चोपन्न वर्षांचे. रेडिओ दुरुस्ती करता करता पुस्तकं वाचून प्रोग्रॅमिंग शिकलेले. बिबवेवाडीहून खराडीला रोज स्कूटरवर. एकोणीस वर्षांत त्यांनी खिडकीजवळची जागासुद्धा मागितली नाही. एसीचा झोत मानेवर यायचा, तर घरून मफलर आणला.

आपला रनटाइम, म्हणजे गिऱ्हाइकांचे वेबअसेम्ब्ली नावाच्या सांकेतिक भाषेतले प्रोग्रॅम चालवणारा आपला प्रोग्रॅम, नऊ दिवस कोसळत होता. प्रत्येकाला सुरुवातीला मागेल तेवढी मेमरी द्यायची आणि त्याची माहिती तिथं उतरवायची. रनटाइम नेमका तिथंच मरायचा. एका गिऱ्हाइकाचे चारशे प्रोग्रॅम एकदम चढायचे. त्यातला कुठला घात करतोय, कळेना. आमचा टीम लीड पृथ्वीराज. त्यानं आम्हाला सगळ्यांत मोठे तपासायला बसवलं.

दहाव्या दिवशी सकाळी सरांनी यादी उलटी लावली. "नऊ दिवस खादाडांचीच ताटं बघताय," ते पृथ्वीराजला म्हणाले. "न जेवता कोण बसलंय, ते विचारलंत का?"

तळाशी एक इवलासा प्रोग्रॅम होता. मेमरीची मागणी शून्य. उतरवायची माहितीही शून्य. त्याला जागा मिळत नव्हती, ते बरोबरच. पण जागा दिलेलीच आहे असं धरून रनटाइम तिथं लिहायला जायचा आणि कोसळायचा.

"सर, पण असा प्रोग्रॅम लिहितं कोण?" मी विचारलं.

"ज्याचं तेवढ्यात भागतं तो."

दोन ओळींत काम झालं. उतरवायचं काही नसेल, तर जाऊच नकोस. चारशेच्या चारशे उभे राहिले. पृथ्वीराजनं टेबल बडवलं. सरांनी डबा उघडला, दोन घास खाऊन परत बंद केला. म्हणाले, याची टेस्ट, म्हणजे हे आपोआप तपासणारा कोड, लिहून ठेवतो, नाहीतर वर्षभरानं कुणीतरी शहाणा या दोन ओळी फालतू समजून पुसेल.

सव्वा वाजता तुम्ही त्यांना एचआरच्या काचेच्या खोलीत बोलावलंत. परत आले ते खुर्ची ओढून टाइप करायलाच बसले. स्क्रीनवरची नजर न काढता मला सांगितलं, वार्षिक फॉर्मातला 'कंपनीकडून काय अपेक्षा' हा रकाना त्यांनी सहा वर्षं कोरा ठेवला होता. ज्यांचा कोरा, त्यांना पुढं जायची इच्छाच नाही, असं धरलंय. आजचा शेवटचा दिवस.

मला वाटलं, थट्टा करताहेत. तेवढ्यात मागून तुमचा हात आला.

"अहो, पाच मिनिटं द्या," सर म्हणाले. "टेस्ट अर्धी राहिलीय."

एकोणीस वर्षांतली ही त्यांची पहिली मागणी. तुम्ही म्हणालात, "तुमचं लॉगिन गेलंय."

सरांनी मफलरची घडी घातली, जवळपास भरलेलाच डबा पिशवीत टाकला, आयकार्ड टेबलावर सुलटं ठेवलं आणि लिफ्टकडे गेले.

टेस्ट मी पूर्ण केली. वर त्यांचं नाव घातलंय. पुसून बघा.

यंदाचा फॉर्म माझ्यासमोर आहे. 'कंपनीकडून काय अपेक्षा' या रकान्यात मी लिहिलंय: रंगनाथ सरांना पाच मिनिटं का दिली नाहीत? उत्तर द्या.