वकिलाची हरकत

त्या दिवशी आम्ही बटाटे काढत होतो. म्हणजे बायको काढत होती आणि मी बांधावर मतदारयादी घेऊन बसलो होतो. तिची दुसरी सरी संपत आली तरी माझं दुसरं पान संपेना. माती भुसभुशीत झाली होती, ऊन अजून चढलं नव्हतं, कामाला याच्यापेक्षा चांगली सकाळ मिळणं अवघड. शेवटी तिनं कुदळ टेकवली आणि विचारलं, "त्या यादीत बटाटे किती निघाले?"

गावात मला वकील म्हणतात. मी आठवीत शाळा सोडलेला माणूस. पण चार माणसं जमली की मला मधे बोलल्याशिवाय राहवत नाही, आणि बोलायला लागलो की नियम, कलम, अर्ज असले शब्द आपोआप तोंडात येतात. पहिल्यांदा कुणीतरी चेष्टेनं वकील म्हटलं. मी ते मनाला लावून घेतलं आणि खिशाला पेन लावायला लागलो.

त्या वर्षी पंचायतीची निवडणूक लागली आणि आमच्या आळीतून मी उभा राहायचं ठरवलं. समोर माझाच चुलतभाऊ. तो ट्रॅक्टर भाड्यानं चालवतो, बोलतो कमी, आणि ज्याचं रान नांगरून देतो तो माणूस त्याला मान देतो. माझ्याकडं ट्रॅक्टर नव्हता. माझ्याकडं कायदा होता, असं मला वाटत होतं.

निवडणुकीच्या आधी कच्ची यादी शाळेच्या भिंतीवर लागते. कुणाचं नाव राहिलं असेल तर ते घालायला आणि कुणाचं चुकून आलं असेल तर काढायला पंधरा दिवस मिळतात. त्याला दावे-हरकती म्हणतात. मग सुनावणी होते आणि पक्की यादी निघते. पक्क्या यादीत नाव नसलं की मतही देता येत नाही आणि उभंही राहता येत नाही. हे सगळं मी आळीतल्या प्रत्येकाला इतक्या वेळा समजावलं होतं की मी येताना दिसलो की माणसं आत जाऊन बसत.

तर मी बांधावर बसून आमच्या आळीतली एकेक मत मोजत होतो. हे माझं, हे त्याचं, हे काठावरचं. दोनशेच्या आसपास मतं. मोजता मोजता बोट मेंढरंवाल्या म्हातारीच्या घरावर येऊन थांबलं. तिच्या घरात सात मतं. म्हातारी, दोन मुलं, दोन सुना, एक दीर आणि त्याची बायको. वर्षातले सात-आठ महिने ही माणसं मेंढरं घेऊन लांब डोंगरापलीकडं चाऱ्याला जातात, घराला कुलूप असतं. आणि गावात असली की त्यांची मेंढरं बसतात कुणाच्या रानात? चुलतभावाच्या. माझ्या डोक्यात हिशोब बसला. सात मतं पक्की त्याची.

मी बायकोला म्हणालो की या लोकांवर हरकत घेतो, जे गावात राहतच नाहीत त्यांचं नाव यादीत कशाला. तिनं हातातला बटाटा झटकून टोपलीत टाकला. मग म्हणाली, "त्यांनी तुमचं काय केलंय?" मी तिला सांगितलं की हा वैयक्तिक प्रश्न नाही, नियमाचा प्रश्न आहे. ती पुढच्या सरीला लागली. तिला मी नियम सांगायला लागलो की ती नेहमी पुढच्या सरीला लागते.

हरकतीचा अर्ज मी असा लिहिला की वाचताना माझाच ऊर भरून आला. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत कुलूप होतं, ते तक्ता आखून दिलं. सात नावांचे सात अर्ज. कारकुनानं एकेक कागद उलटून पाहिला आणि विचारलं, "तुम्हाला दुसरं काम नाही का?" मला ते कौतुक वाटलं.

सुनावणी शाळेच्याच एका वर्गात होती. नोंदणीच्या अधिकारी एक बाई होत्या, मध्यम वयाच्या, आवाज शांत. त्या मास्तरांच्या टेबलाशी बसल्या, शेजारी कारकून, आणि आम्ही पोरांच्या बाकांवर. माझे गुडघे बाकात असे अडकले की बोलायला उठताना बाक माझ्याबरोबर उठला. आळीतली पंधरा-वीस माणसं खिडकीतून बघत होती. चुलतभाऊही आला होता, मागं भिंतीला टेकून उभा.

म्हातारी आणि तिची धाकटी सून डोंगरापलीकडून दोन दिवस चालून आल्या होत्या. त्यांच्या पायांवर तिकडची लाल माती होती, आमच्याकडची माती काळी. मी मनात म्हणालो, हा बघा पुरावा. इतका मी गुंतलो होतो.

बाईंनी मला बोलायला सांगितलं आणि मी बोललो. पाऊण तास तरी बोललो असेन. नियमाप्रमाणे मतदार त्या गावचा रहिवासी पाहिजे, राहणारा पाहिजे, नुसतं घर असून भागत नाही, जिथं माणूस झोपतो-उठतो ते त्याचं गाव, असं सगळं मांडलं. बाई लिहून घेत होत्या. मग त्यांनी विचारलं की घराला कुलूप असल्याचं तुम्हाला इतकं नक्की कसं माहीत.

मी म्हणालो, "मला सगळं दिसतं बाई. मी घरात झोपतच नाही. रानडुकरं बटाटे उकरतात म्हणून मी शेतावरच्या खोपीत झोपतो. तिथून त्यांचं दार समोर दिसतं."

"किती महिने झोपता?"

"पीक एकामागं एक असतंच. नऊ-दहा महिने धरा."

"आणि शेत कुठं आहे?"

"ओढ्याच्या पलीकडं," मी अभिमानानं सांगितलं.

कारकुनानं नकाशा काढला. तो टेबलावर पसरला, बोट फिरवलं आणि बाईंच्या कानाशी काहीतरी बोलला. बाईंनी चष्मा काढून पुसला, परत लावला आणि म्हणाल्या, "ओढ्याच्या पलीकडं शेजारच्या गावाची हद्द लागते. तुम्ही आत्ताच सांगितलं, माणूस जिथं झोपतो-उठतो ते त्याचं गाव. मग तुमचं नाव इथल्या यादीत कसं?"

खिडकीत कुणीतरी तोंडावर हात दाबल्याचा आवाज आला. मी उभा होतो आणि बाक माझ्या मांड्यांना लटकत होता. मी चुलतभावाकडं पाहिलं. तो हसत नव्हता, खाली जमिनीकडं बघत होता, आणि त्यानं मला जास्तच लाज वाटली. माझ्या डोळ्यांसमोर एकच आलं, की मी माझ्या हातानं, माझ्या सुंदर अक्षरात, स्वतःचं नाव खोडून घेतलं आहे.

तेव्हा म्हातारी उठली. तिला बोलायला कुणी सांगितलं नव्हतं.

"बाई," ती म्हणाली, "याचं घर इथं आहे. याची बायको इथं आहे. याची आई याच घरात गेली, मी तिला पाणी पाजलंय. शेतावर हा नुसता झोपायला जातो. भांडायला रोज गावातच येतो. याचं नाव काढू नका."

बाईंनी तिला बसायला सांगितलं, पण हसू त्यांना लपवता आलं नाही. मग त्यांनी आम्हा दोघांनाही नियम सांगितला, जो मला माहीत असायला पाहिजे होता आणि नव्हता. कामापायी, पोटापायी माणूस काही काळ बाहेर गेला आणि परत येणार असला, तर त्याचं राहणं तुटत नाही. मेंढरांमागं गेलेल्याचंही नाही, डुकरं हाकायला गेलेल्याचंही नाही. सातही हरकती फेटाळल्या. माझं नाव राहिलं. मी बाक सोडवून बाहेर आलो. म्हातारी सुनेला घेऊन लगेच परत निघाली होती. तिला दोन शब्द बोलायला पाहिजे होते हे मला कळत होतं, पण पाय तिकडं वळले नाहीत.

पुढचे तीन आठवडे मी प्रचार केला. प्रचार म्हणजे लोक मला विचारायचे, "रात्री कोणत्या गावात झोपला होता?" आणि मी त्यांना हात जोडायचो.

मतदानाच्या दिवशी सकाळीच वारा सुटला होता, धुळीनं डोळे उघडवत नव्हते. केंद्र त्याच शाळेत होतं, आणि आखलेल्या पांढऱ्या रेघेच्या बाहेर उमेदवारांनी थांबायचं असतं, म्हणून मी आणि चुलतभाऊ एकाच झाडाखाली थांबलो. तो म्हणाला, "दादा, सावलीत ये." दिवसभरात तो तेवढंच बोलला. दुपारी रस्त्यावर ती सात माणसं दिसली. मेंढरं कुणा नातेवाइकाच्या हवाली करून ती पुन्हा दोन दिवस चालून आली होती. म्हातारीनं आमच्या दोघांकडं सारखंच पाहिलं आणि आत गेली. बोटाला शाई लावून बाहेर आली, झाडाखालच्या माठातलं पाणी प्याली आणि घराकडं गेली.

निकाल लागला. त्याला एकशे एक, मला शहाण्णव. पाच मतांनी पडलो. लोकांनी त्याला ट्रॅक्टरवर बसवून फिरवलं, आणि त्या ट्रॅक्टरच्या मागं थोडं अंतर मीही चाललो, कारण माझं घर त्याच वाटेवर होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारी आमच्या दारात आली. बायकोनं तिला आत बोलावलं, पण ती उंबऱ्याबाहेरच टेकली. परत डोंगराकडं निघायची घाई होती. मला म्हणाली, "वकिला, तुला एक सांगायचंय. मागनं दुसऱ्या कुणी सांगण्यापेक्षा मीच सांगते. आमची सात मतं तुझी होती."

मी म्हणालो, "माझी? मावशी, तुझी मेंढरं तर त्याच्या रानात बसतात."

तिनं सांगितलं की त्याला खत पाहिजे असतं म्हणून तो बसवतो, त्याचा मताशी काय संबंध. चार वर्षांपूर्वी ओढ्यावर जायची वाट बंद करून कुंपण घालायचं गावानं ठरवलं होतं. तेव्हा सभेत उठून मी तास-दीड तास वाद घातला होता, आणि कंटाळून लोकांनी वाट मोकळी ठेवली होती. त्या वाटेनं तिची मेंढरं पाण्यावर जातात. ते तिनं लक्षात ठेवलं होतं. मला खरं सांगायचं तर ती सभा आठवतच नव्हती. मी फक्त बोलायला मिळतंय म्हणून उठलो असणार.

"डोंगरावर बसून आम्ही ठरवलं होतं, यंदा वकिलाला द्यायचं," ती म्हणाली. "मग तुझा कागद आला. मेंढ्या विणीला आलेल्या. सुनेला आणि मला ते सोडून यावं लागलं. मागं दोन कोकरं गेली. मग पोरं म्हणाली, नाही द्यायचं. मी त्यांना काय सांगणार? मीही त्यालाच दिलं."

मी विचारलं, "मग त्या दिवशी माझ्यासाठी उठलीस कशाला? बसून राहिली असतीस तर मी तिथंच संपलो असतो."

"नाव खोडणं वाईट असतं," ती म्हणाली. "माझं काय आणि तुझं काय. मत कुणाला द्यायचं ते वेगळं."

ती गेल्यावर बायकोनं चुलीपुढं बसूनच आकडे मांडले. मी त्या सात जणांच्या वाटेला गेलो नसतो तर मला एकशे तीन आणि त्याला चौऱ्याण्णव. मी नऊ मतांनी निवडून आलो असतो. मी म्हणालो की माझी हरकत मान्य झाली असती तरी मी दोन मतांनी आलो असतो. ती म्हणाली, "तुमचं नाव राहिलं असतं तर." त्यानंतर मी दिवसभर बटाटे काढले. सरळ तीन सऱ्या, मान वर न करता.

पुढच्या वर्षी पुन्हा यादी दुरुस्तीचे दिवस आले. म्हातारीच्या थोरल्या मुलाची पोरगी अठराची झाली होती, हे मला ठाऊक होतं, कारण आळीतल्या सगळ्यांची वयं मला पाठ असतात. त्यांच्या घराला कुलूप होतं आणि मुदतीला सहा दिवस उरले होते. मी चार कोरे अर्ज प्लॅस्टिकच्या पिशवीत घातले, बायकोनं भाकरी बांधून दिली, आणि चालायला लागलो.

ती माणसं दोन दिवसांत जी वाट चालतात तिला मला तीन दिवस लागले. पहिल्या दिवशी चप्पल तुटली, दुसऱ्या दिवशी वाट चुकली. तिसऱ्या दिवशी दुपारी लाल माळावर त्यांचा तळ दिसला तेव्हा मी असा लंगडत होतो की त्यांच्या कुत्र्यांनाही भुंकावंसं वाटलं नाही. म्हातारी एका मेंढीचा खूर साफ करत होती. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "आता कुणावर हरकत?"

मी कशासाठी आलो ते सांगितलं. तिनं नातीला हाक मारली. मी पिशवीतून अर्ज काढेपर्यंत एका कोकरानं पहिला चावून टाकला. दुसरा भरताना माझ्याच घामाचा हात लागून शाई पसरली. तिसरा मी दगडावर ठेवून नीट भरला, पोरीनं तो घेतला, वाचला आणि म्हणाली की जन्माचं वर्ष चुकलंय, या वर्षानं मी आठ वर्षांची होते. चौथा तिनं स्वतः भरला. अक्षर माझ्यापेक्षा चांगलं होतं. सही करून तिनं कागद माझ्या हातात दिला आणि विचारलं की मत देताना माणूस कसा निवडायचा.

मी घसा साफ केला. उभा राहिलो. पहिल्यांदा पंचायत म्हणजे काय इथपासून सुरुवात करणार होतो.

"वकिला," म्हातारी म्हणाली, "त्या मेंढीचे पाय धर आधी. सुटतीय."

मी अर्ज घडी करून खिशात ठेवला आणि मेंढीचे पाय धरले.