काकूंच्या कमरेचा फोटो

मित्रांनो, उजेडासमोर धरल्याशिवाय माझ्यात काहीच दिसत नाही. धरलं, की एका बाईच्या कमरेचे मणके दिसतात. मी त्यांचा जुना एक्स-रे आहे. लोक मला फोटो म्हणतात, पण फोटो बघून माणसं हसतात तरी. माझ्याकडे पाहून आजवर कोणी हसलेलं नाही.

ज्यांचा मी, त्यांना सगळे रोपवाल्या काकू म्हणत. त्या आणि काका मिळून रोपवाटिका चालवत. मातीने भरलेली कुंडी काकू अशी सहज कडेवर घेत, जणू शेजारणीचं मूल. एकदा कुंडी उचलतानाच त्यांच्या कमरेत उसण भरली. उसणच ती, आठ-पंधरा दिवसांत आपोआप गेली असती. पण काकू घाईच्या. त्या एका कायरोप्रॅक्टरकडे गेल्या, म्हणजे औषध न देता हातांनी मणक्यांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे. तिथला नियमच होता, आधी फोटो आणि मग हात. पडलात का, ताप येतो का, पायातली ताकद गेली का, असलं काही कोणी विचारलं नाही. काकूंना यंत्रापुढे उभं केलं, "श्वास रोखा" म्हटलं आणि मी जन्माला आलो. अंधाऱ्या खोलीत रसायनात बुचकळून मला वाळत घातलं. मग मोठ्या उमेदीने मी भिंतीवरच्या उजेडाच्या पेटीवर चढलो. मला वाटलं, आता माझ्यामुळे कुणाचं तरी दुखणं पळेल.

डॉक्टरांनी लाल पेन्सिल काढून माझ्या अंगावर तिरपी रेघ ओढली.

"हे बघा, इथली गादी बसलीय. आणि मणक्याला हे कोंब फुटलेत, दिसले? झीज आहे ही."

"म्हणजे... काय होईल हो?" काकूंनी विचारलं.

"जपलं नाहीत तर काहीही होऊ शकतं. वाकणं, उचलणं आता विसरा."

काकूंनी धसकाच घेतला. खरं सांगू? माझ्यात दिसत होतं ते त्यांच्या वयाच्या बहुतेक पाठींत दिसतं. केस पिकतात तसंच ते. माझ्यात हाड दिसतं, दुखणं दिसत नाही. पण मला तोंड कुठे आहे सांगायला?

उसण गेली, मी मात्र राहिलो. काकूंनी पुन्हा कुंडीला हात लावला नाही. लेक तान्ह्या बाळाला घेऊन आली, तिने नात पुढे केली, तर काकू मागे सरकल्या. "मी बसते आधी, मग मांडीवर दे गं," म्हणाल्या. बसून बसून त्यांची पाठ आखडली आणि खरोखरच दुखायला लागली. सगळं उचलणं काकांवर आलं.

मी कपाटात पडलो. माझ्याच पाकिटात काकांचाही एक फोटो होता, मुतखडा झाला तेव्हा पोटाचा काढलेला. पोटाच्या फोटोत मणकेही येतात. मी त्याला वर्षानुवर्षं चिकटून होतो, म्हणून छातीठोकपणे सांगतो, काकांचे मणके काकूंच्यापेक्षा कितीतरी जास्त झिजलेले होते. आणि काका बाहेर खताची पोती खांद्यावर टाकत होते! हसावं की रडावं, तुम्हीच सांगा.

शेवटी काका काकूंना दुसऱ्या कायरोप्रॅक्टरकडे घेऊन गेले. या तरुण बाई होत्या. रात्री दुखून जाग येते का, वजन उतरलंय का, पाय बधिर होतात का, असं त्यांनी खोदून खोदून विचारलं. काकूंना वाकवून पाहिलं, गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली.

"नवा फोटो नको. धोक्याचं काही वाटलं असतं, तर मीच काढायला लावला असता."

काकूंचं तोंड उतरलं. "फोटोशिवाय कसं कळणार तुम्हाला?" असं म्हणत त्यांनी पाकिटातला हाताला लागला तो फोटो पुढे केला. घाईत काकांचा निघाला.

बाईंनी कोपऱ्यातलं नाव वाचलं. "हा तर तुमचा, काका! तुमची पाठ दुखते?"

"माझी? छे!"

"आपल्याला पाठ आहे हे आमच्या ह्यांना आंघोळीच्या वेळीच आठवतं," काकू म्हणाल्या.

बाईंना आयतंच सापडलं. त्यांनी मला काढून काकांच्या फोटोशेजारी धरलं. "आता बघा काकू. झीज जास्त कुणाची? यांची. आणि दुखतं कुणाला? तुम्हाला! मग भ्यायचं कशाला? हळूहळू उचलायला लागा, मी शिकवते."

मित्रांनो, इतक्या वर्षांत कोणीतरी मला धड वाचलं होतं. मला फार बरं वाटलं. काकूंनीही मान डोलावली. काका मात्र आपल्याच फोटोकडे टक लावून बघत होते.

घरी आल्यावर आम्हा दोघा फोटोंना खिडकीत टेकवून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथूनच मी पाहिलं. काका खताच्या पोत्याशी वाकले आणि तसेच थांबले. एक हात हळूच कमरेवर गेला.

"काय झालं हो?"

"काही नाही गं. इथे जरा काहीतरी जाणवतंय."

"ठेवा ते पोतं खाली! आधी ठेवा!"

काकांनी पोतं ठेवलं, ते कायमचंच. काकू त्या डॉक्टरबाईंकडे पुन्हा फिरकल्या नाहीत. उलट येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, "तिच्याकडे गेलो आणि ह्यांचं दुखणं निघालं." रोपवाटिका शेजाऱ्याला चालवायला दिली. त्याने आम्हा दोन्ही फोटोंना भोकं पाडून दोरीत ओवलं आणि वाफ्यांवर टांगलं, पाखरांना घाबरवायला. त्या कामाचा मला अनुभव होताच.

मित्रांनो, मोडलेलं हाड आणि आत दडलेला आजार दाखवायला मी लागतो, तेव्हा मला जरूर बोलवा. पण उगाच बोलावू नका. आणि बोलावलंत, तर मी दिसल्यावर उपचारात काय बदलणार आहे, एवढं डॉक्टरांना विचारा. मला दाखवून चालत्याबोलत्या माणसाला खाली बसवू नका.

फाटकाजवळच्या बाकावर काका-काकू रोज ताठ बसलेले असतात. नात समोर खेळते, तिला कोणी उचलत नाही. पाखरं सुरुवातीला मला बिचकली होती. मग त्यांना कळलं की हे नुसतं चित्र आहे. आता ती माझ्याच दोरीवर बसतात.