खारूच्या पोटातला आकडा

माझी मुलगी खारू अकरा वर्षांची आहे आणि तिला आतड्याला सूज येण्याचा आजार आहे. सूज आली की रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथे धावत जातात आणि त्यांच्यातलं एक प्रथिन शौचात उतरतं. ते किती उतरलं हे प्रयोगशाळेत मोजतात. आकडा लहान आला की आतडं शांत. मोठा आला की दवाखाना, भूल, नळी घालून तपासणी आणि सलाईन. नळीचं नाव काढलं तरी खारूच्या ओठांचा रंग उडतो.

नमुना गोळा करायचं काम माझं. मी एका हॉटेलच्या धुलाईखान्यात चादरींवरचे डाग काढते, त्यामुळे किळस वगैरे चोचले मला परवडत नाहीत. मी नमुन्याची डबी घेऊन निघाले की खारू रस्त्याच्या पलीकडच्या कडेने चालते, जणू आमची ओळखच नाही.

वर्षभर आकडा लहान होता. खारूच्या गालांवर मांस चढलं, ती जिने धावत चढायला लागली. आणि या वेळी आकडा एकदम दसपट आला. फोन आला तेव्हा मी ओल्या चादरींच्या ढिगापाशी उभी होते. एवढं डोळ्यांत तेल घालून बघत होते, मग मला कळलं कसं नाही?

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं डॉक्टरबाईंकडे गेलो. तिसरा म्हणजे माझा धाकटा भाऊ, खारूचा मामा. तो केस कापतो, आमच्याच घरी राहतो आणि भाचीने चंद्र मागितला तर शिडी शोधायला निघेल असा आहे.

डॉक्टरबाईंनी खारूचं पोट दाबून पाहिलं, वजन केलं, कागद पुन्हा वाचला.

"पोट मऊ आहे. वजन वाढलंय. मग हा आकडा आला कुठून?" त्या खारूकडे वळल्या. "कुठे दुखतंय का गं?"

"नाही."

"मी पोटाबद्दल नाही विचारलं. कुठेही?"

खारूने मामाकडे पाहिलं. मामा खिडकीबाहेर बघायला लागला. हा माणूस इतका साळसूद दिसला की काहीतरी शिजलंय हे मी ओळखते.

"बोल," मी म्हटलं.

"दाढ दुखत होती तिची," तो म्हणाला. "रडायला लागली, म्हणाली आईला सांगू नकोस. उभं राहून माझे पाय भरून येतात ना, त्यावरच्या दुखणं थांबवायच्या गोळ्या आहेत माझ्याकडे. अर्धी अर्धी देत होतो. कधी कधी दोनदा."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. डॉक्टरबाईंनी मात्र पेन खाली ठेवलं. "अशा गोळ्यांनी आतडं चिडतं आणि हा आकडा वाढू शकतो. कदाचित एवढंच असेल, कदाचित आजारही असेल. आत्ता सांगता येणार नाही. गोळ्या बंद, दाढ दाखवा, काही आठवड्यांनी पुन्हा डबी. तोवर नळी नको. पोट दुखलं, रक्त दिसलं, तर मात्र लगेच या. आणि मामा, पुन्हा असं केलंत तर तुमचे केस मी कापीन."

बाहेरच्या बाकावर मी खारूला विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

बुटाची नाडी बोटाला गुंडाळत ती म्हणाली, "मी दुखतंय म्हटलं की तुझा चेहरा कसा होतो माहितीये? मग तू जेवत नाहीस. मग दवाखान्यात न्यायचे कपडे भरायला लागतेस. म्हणून मी सांगतच नाही. दाढ झाली, गुडघा झाला, काहीच नाही सांगत."

ती आजारी पडू नये म्हणून मी रात्रंदिवस पहारा दिला होता, आणि पोरगी माझ्याच पहाऱ्यातून लपतछपत वावरत होती. मला खूप वाईट वाटलं. मी तिला जवळ घेतलं. मामा रडायला लागला, त्यालाही घ्यावं लागलं.

दाढ काढून टाकली. मधले आठवडे आम्ही कसे काढले ते आम्हालाच ठाऊक. डबी द्यायच्या दिवशी खारू पहिल्यांदाच माझ्या बाजूने चालत आली.

"मोठा आला तर?" तिने विचारलं.

"तर जाऊ. मामालाही नेऊ, रडायला कुणीतरी हवं."

आकडा लहान आला. मी घरी येऊन सांगितलं तेव्हा मामाने तिला खांद्यावर घेऊन खोलीभर फिरवलं आणि दिव्याला तिचं डोकं आपटवलं. आमच्या सगळ्यांच्या जिवात जीव आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामावर निघायला चपला घातल्या होत्या. खारू दारात येऊन उभी राहिली.

"आई, पोटात दुखतंय."

माझा चेहरा कसा झाला मला माहीत नाही. पण मी चपला काढल्या, जमिनीवर बसले आणि तिला शेजारी बसवलं.

"सांग," मी म्हटलं. "कुठे?"

तिने बेंबीच्या वर बोट ठेवलं. काल आनंदात दोन वाट्या जास्त सूप प्यायली होती, त्यानंतर जड वाटत होतं. मग डोक्याचं टेंगूळ दाखवलं. गुडघा कधीपासून ठणकतो ते सांगितलं, नवीन बूट चावतात तेही, आणि शाळेतली बाकावरची मैत्रीण बोलत नाही तेही. एवढं सगळं तिच्यात साठलेलं होतं. मी तिच्या पोटावर हात ठेवून ऐकत राहिले, आणि तिचं सांगून होईपर्यंत उठले नाही.