सौनानंतरची चर्चा

त्या वर्षी बर्चची पानं सप्टेंबरातच गळून गेली होती, आणि उत्तरेतल्या सुओलाम्पी गावची शाळा ठेवायची की बंद करायची हे ठरवायला राजधानीहून, हेलसिंकीहून, माणसं आली होती.

त्या काळी सरकारला विद्यापीठाचं भारी वेड लागलं होतं. कुठलाही निर्णय घ्यायचा तर आधी एखादा प्रोफेसर शेजारी बसवायचा. प्रोफेसर हाल्मे यांचं म्हणणं सोपं होतं, म्हणून सगळ्यांना आवडायचंही. उत्तरेतली गावं एकेक करून जगवता येणार नाहीत, ते म्हणत. कायानीसारख्या एकाच शहरात सगळी ताकद लावा, तिथे कारखाने आणा, मोठ्या शाळा बांधा. खेड्यातली माणसं आपोआप तिथे येतील. गाव सुटलं तरी निदान प्रांत सुटणार नाही.

हेल्वी त्यांची सहायक. तिशीही गाठली नव्हती. जन्म सुओलाम्पीचा, म्हणून घरोघर जाऊन माहिती आणायचं काम तिच्याकडे आलं. दोन हिवाळे ती स्कीवरून हिंडली. दर घरी कॉफी घ्यावीच लागे. प्रत्येक आईला ती विचारी, तुमचं पोरगं घर सोडून पहिल्यांदा कुठे गेलं? आणि बहुतेक सगळ्या जणी एकच सांगत: स्वीडनला. कायानीत कुणी थांबतच नव्हतं. ज्याचा चुलतभाऊ गोथेनबर्गच्या मोटारींच्या कारखान्यात, तो सरळ गोथेनबर्ग गाठी. गावातली शाळा गेली की माणूस शहरात येत नाही, देशच सोडून जातो, असं तिला दिसलं होतं. म्हणजे प्रोफेसरांच्या मांडणीचा पायाच कच्चा होता. तिचं लिखाण वाचून प्रोफेसर "रंजक आहे" एवढंच म्हणाले होते.

बैठक तळ्याकाठी, पालिकाप्रमुख पुल्किनेन यांच्या घरी होती. हेल्वीला तिथे सोडायला तिचा भाऊ तौनो आला, ट्रॅक्टरवरून.

"शाळा राहिली तर मी राहतो," तो म्हणाला. "नाही राहिली तर पाइवीला रोज हिवाळ्यातल्या त्या काळोखात बसमध्ये कोंबून पाठवायची माझी तयारी नाही. सहा वर्षांची पोर माझी. आणि तुझी वहिनी आइरा तर कधीची निघायला बसलीय."

"मी सांगते ना त्यांना."

"ऐकतील?"

"प्रोफेसर लबाड नाहीत रे. आकडे समोर ठेवले की ऐकतात."

"आकडे! अगं, लहानपणी तुला गोठ्यातल्या गाई मोजता यायच्या नाहीत. दर वेळी एक जास्तच भरायची."

"जास्तीचा बैल तू होतास."

तौनो हसला. ट्रॅक्टर वळवताना मात्र त्याने मागे वळून पाहिलं, आणि तेव्हा तो हसत नव्हता.

सकाळभर प्रोफेसर बोलले. मंत्रालयातले ब्योर्कलुंड मन लावून ऐकत होते, बारीक बारीक प्रश्न विचारत होते. मोठा सभ्य माणूस. दुपारी हेल्वीची पाळी होती, पण दुपारही प्रोफेसरांनीच घेतली. उन्हं कलली तसे पुल्किनेन दारात येऊन उभे राहिले.

"मंडळी, सौना तापलाय. दगड लालबुंद झालेत. आता डोक्याला विश्रांती द्या."

"हेल्वीचं सौनानंतर घेऊ," प्रोफेसर म्हणाले, आणि ब्योर्कलुंडनी तिच्याकडे पाहून अदबीने मान हलवली.

पुरुष टॉवेल खांद्यावर टाकून तळ्याकडे, सौनाच्या लाकडी खोलीत वाफेची अंघोळ करायला गेले. हेल्वीने आपला नकाशा भिंतीवर लावून ठेवला. गावागावांतून निघालेले बाण तिने लाल शाईने काढले होते, सगळे समुद्रापार जाणारे. मग ती स्वयंपाकघरात गेली. पुल्किनेन यांची बायको सायमी बार्लीची भाकरी कापत होती.

"नकाशा कशाला टांगलास गं?"

"सौनानंतर चर्चा आहे ना."

सायमीने सुरी खाली ठेवली. "सौनानंतर सॉसेज असतं, पोरी. सॉसेज आणि बिअर. विद्यापीठात जाऊन एवढंही विसरलीस? तुझ्या बापाने घोडा विकला तो कुठे? जमीन वाटली ती कुठे? सगळं सौनातल्या त्या बाकावर बसूनच की."

हे हेल्वीला ठाऊक नव्हतं थोडंच! तिच्या घरी याहून वेगळं कधी घडलंच नव्हतं. पण छापील कार्यक्रमपत्रिकेवर तिचं नाव होतं, आणि त्या कागदावर तिने विश्वास ठेवला होता.

ती तशीच तळ्याकडे धावली. सौनाच्या धुराड्यातून धूर सरळ वर चढत होता. आतून बोलण्याचा आवाज येत होता. आत सगळे एकमेकांना अरेतुरे करत होते. कपड्यांबरोबर हुद्देही बाहेरच्या खुंटीला टांगायचे, अशी तिथली रीत. फक्त बाईमाणसाने त्या दारातून आत जायचं नसे.

तिने दार ठोठावलं. "प्रोफेसर! ते कायानीला थांबत नाहीत!"

आतून दगडांवर पाणी पडल्याचा चर्र आवाज आला.

"कोण आहे?"

"मी, हेल्वी! शाळा गेली की माणसं कायानीला येत नाहीत, स्वीडनला जातात! मी दारोदार विचारलंय! तुम्ही शाळा बंद केलीत तर—"

"पोरी," पुल्किनेन आतून ओरडले, "आलीच आहेस तर एक बादली पाणी आण. इथे संपत आलंय."

कुणीतरी मोठ्याने हसलं. मग प्रोफेसरांचा आवाज आला, समजूत घालणारा. "हेल्वी, सौनात कामाचं बोलत नसतात."

ती दाराशीच उभी होती. त्यांना वाटलं असावं, ती गेली.

"बरं, मग सुओलाम्पीचं पुढच्या उन्हाळ्यात धरायचं ना?" हे ब्योर्कलुंड.

"धर. बसचा खर्च तू दे, बाकी मी गावाला समजावतो," पुल्किनेन म्हणाले.

"एवढ्या लहान गावाचं अर्थशास्त्र वेगळं नसतं," प्रोफेसर म्हणाले. पुन्हा चर्र आवाज झाला, आणि कुणीतरी सुखाचा उसासा सोडला.

हेल्वीने तळ्यातून बादली भरली आणि दाराशी नेऊन ठेवली. का ठेवली, हे तिला पुढे कधीच सांगता आलं नाही. हात सवयीने चालले, एवढंच.

पुरुष लालबुंद होऊन, ओल्या केसांनी परतले. सॉसेजला मोहरीची चटणी लावता लावता ब्योर्कलुंड तिच्याजवळ आले. "तुमचं काम फार मोलाचं आहे. ते छापलं गेलं पाहिजे. मी स्वतः लक्ष घालतो." माणूस शब्दाचा पक्का निघाला. तीन वर्षांनी मंत्रालयाने ते खरंच छापलं, चांगल्या कागदावर, नकाशासकट.

मग बायकांची पाळी आली. सायमी आणि हेल्वी सौनात वरच्या बाकावर बसल्या. फळ्यांना पुरुषांच्या घामाचा आणि अंग झोडायच्या बर्चच्या ओल्या जुड्यांचा वास येत होता. सायमीने डावाने पाणी टाकलं. चर्र झालंच नाही. पाणी दगडांवरून नुसतं ओघळलं.

"गेली ऊब," सायमी म्हणाली. "नेहमीचंच आहे."

त्या बैठकीनंतरच्या जूनमध्येच शाळेला कुलूप लागलं. ऑगस्टमध्ये हेल्वी कायानीच्या बसथांब्यावर उभी होती. समोर नव्या शाळेची पांढरी इमारत उभी राहत होती. सुओलाम्पीची बस आली. तौनो उतरला, मागून आइरा, आणि पाइवी, गळ्यात नव्या बुटांची जोडी अडकवलेली. स्वीडनच्या बोटीला नेणारी गाडी लागायला अजून अवकाश होता. चौघांनी कॉफीच्या टपरीवर उभ्या उभ्या बन खाल्ले.

"इथेच थांब ना," हेल्वी न राहवून म्हणाली. "काम मिळेल. शाळा बघ केवढी बांधतायत."

तौनोने शाळेकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं.

"इथे मला कोण ओळखतं?" तो म्हणाला. "तिकडे निदान चुलतभाऊ वाइनो आहे, त्याची बायको आहे. आपलीच माणसं." मग तो तिच्याकडे वळला. "तूच तर लिहिलंयस ना हे सगळं?"

"हो."

"मग बरोबर लिहिलंयस."

गाडी आली. पाइवीने खिडकीच्या काचेला नाक लावलं होतं. हेल्वीने हात वर केला आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत तसाच धरून ठेवला. त्या थांब्यावर सुओलाम्पीहून कायानीत राहायला म्हणून आलेलं कुणीच उतरलं नव्हतं.