रागिणीचं लहानपण

दामिनीनं मोठ्या मडक्यातली रेती बोटानं दाबून पाहिली आणि कडेकडेनं तांब्याभर पाणी सोडलं. रेतीनं ते आवाज न करता पिऊन टाकलं. आत दुसरं, लहान मडकं होतं आणि त्याच्या तोंडावर ओल्या फडक्याची घडी. घरात फ्रिज आल्याला चार वर्षं झाली होती, तरी उन्हाळ्यात लाईट गेली की इन्सुलिनच्या बाटल्या अजून इथंच मुक्कामाला येत. आज मात्र लाईट होती. मडकं आज दुसऱ्याच कुणासाठी भिजत होतं.

"अजून एक तांब्या टाक वं," आई ओसरीतून म्हणाली. "सिनेमात कोरडं नको दिसाले."

"सिनेमा नाही, आई. जाहिरात हाये."

"तेच ते."

तिची आई वच्छलाबाई पहाटे मोगऱ्याची तोड आटपून, फुलं देऊन नवऱ्याला बाजारात पाठवून, जांभळं लुगडं नेसून बसल्या होत्या. खाटेवर त्यांनी दामिनीचा हिरवा ड्रेस घडी मोडून ठेवला होता. दामिनी त्याच्याकडे बघायचं टाळत होती. तिच्या अंगात मळ्यातलाच सलवार-कुर्ता होता, कोपरावर चिकाचे डाग पडलेला.

"अवं, गाडी येईन आता. कपडे बदल न."

"बदलतो."

बदलायचं कशाला, हे तिनं आईला सांगितलं नव्हतं. दोन दिवस ओठांवर येत होतं आणि परत जात होतं.

साखर मोजायचं यंत्र बनवणारी एक कंपनी इन्सुलिन घेणाऱ्या आठ जणांना हिमालयातल्या एका खिंडीवर नेणार होती. त्या आठांत अमरावतीची रागिणी होती, दामिनीची दवाखान्यातल्या ओळखीची. अमरावतीच्या बसस्टँडसमोर तिचा फ्लेक्स लागला होता. डोक्यावर हेल्मेट, खांद्यावर दोर, खाली अक्षरं: 'साखर हरली, शिखर जिंकलं!' खिंड अजून दोन महिने लांब होती, तरी फ्लेक्सवर ती जिंकून झाली होती. तिवशाहून फुलांची गाडी घेऊन जाताना दामिनीला त्या चौकातून रोज जावं लागे. ती उजवीकडे बघायची. फ्लेक्स डावीकडे होता.

निवडीला नागपूरला दोघी एकाच एसटीनं गेल्या होत्या. अकरा मजले जिने चढायचे होते. दामिनी रागिणीच्या दोन मजले पुढं होती, आणि वर पोचल्यावर तिची साखर एकशे तीस. मग डोळ्यांचा रिपोर्ट आला. डाव्या डोळ्यात मागल्या वर्षी लेझर केलेलं होतं. डॉक्टरांनी समजावून सांगितलं, इतक्या उंचीवर धोका नको. कंपनीच्या बाईंनी त्याहून गोड आवाजात सांगितलं, "तुमच्यासारख्यांसाठी पुढच्या वर्षी काहीतरी वेगळं करू." कंपनीला आजार हवा होता, आजारानं केलेलं काही नको होतं.

त्याच दिवशी एका हॉलमध्ये प्रत्येकाला आपला संघर्ष सांगायला लावला होता. दामिनीनं मडक्याची गोष्ट सांगितली. नऊ वर्षांची असताना आजार निघाला, घरात फ्रिज नव्हता, तेव्हा आईनं मडक्यात मडकं ठेवून, मधे रेती भरून, मोगऱ्याच्या वाफ्याकडेच्या सावलीत औषध निववलं. टोचताना आई ओवी म्हणायची, तीही तिनं म्हणून दाखवली. रागिणी शेजारच्याच खुर्चीवर ओढणीचं टोक पिळत बसली होती. तिच्या वडिलांचं कापडाचं दुकान, घरात दोन-दोन फ्रिज. ती काय सांगणार?

तीन आठवड्यांनी दामिनीनं फूलबाजारात, पाट्या उतरवता उतरवता, मोबाइलवर कंपनीच्या व्हिडिओत रागिणीला बोलताना पाहिलं. "माझी आई रेतीच्या मडक्यात माझं इन्सुलिन ठेवायची..." वाफा, सावली, ओली रेती, ओवी, सगळं उचललं होतं. एक कळी खाली सांडू दिली नव्हती. खिंड गेली तेव्हा दामिनी एक दिवस जेवली नव्हती, इतकंच. मडकं गेलं तेव्हा मात्र पोटात चूल पेटली, ती काही केल्या विझेना.

आणि परवा रागिणीचा फोन आला. लहानपणचं शूटिंग करायचं आहे, मडकं हवंय, तुमच्याकडेच केलं तर चालेल का? फोन आईनं घेतला होता. आई म्हणाली, "ये नं बाई. इचारतेस काऊन?"

गाडी अकराला आली. टोपीवाला एक तरुण उतरला, कुलदीप, पुण्याचा. मागोमाग कॅमेरावाला. मग रागिणी. जुना दिसावा म्हणून मुद्दाम नवा घेतलेला कुर्ता तिच्या अंगात होता.

"वा! हेच, अगदी हेच घर," कुलदीप म्हणाला. "काकू, तुम्ही अशाच बसा. काही बदलू नका. तुम्ही रागिणीची आई."

"मी?" वच्छलाबाई हसल्या. "अन् हिची माय?"

"त्यांना जमणार नाही म्हणाल्या."

"मंग आमची दामी कुठी बसन?"

"ताई ना? ताई इकडे, कॅमेऱ्यामागे. आजच्या दिवस आमच्या असिस्टंट." आपण केलेल्या विनोदावर तो स्वतःच हसला.

वच्छलाबाईंनी लेकीकडं पाहिलं. मग उठून खाटेवरचा हिरवा ड्रेस उचलला, नीट घडी घातली आणि आत नेऊन ठेवला. परत येताना दाराशी थांबून हळूच म्हणाल्या,

"तुले माईत होतं?"

"हाव."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"तू तिले ये म्हणून बसली होती. आता काय सांगू?"

आईनं पदर खोचला आणि सांगितलेल्या जागी जाऊन बसली.

रागिणी मडक्याशी आली. दोघींच्या मधे ती ओली रेती.

"दामी, राग आला का वं?"

"राग कायचा? मडकंच तर हाये." दामिनीनं फडक्याची घडी सरळ केली. "आतलं तडकेल हाये, जपून उचल. का वर डोंगरावर नेतेस सोबत?"

रागिणीचं हसू अर्ध्यात राहिलं. आतलं मडकं दामिनीनंच उचलून हातात घेतलं होतं. निसटलं असतं तर कोणी तिला दोष दिला नसता, तडकलेलंच होतं ते. तिनं ते हळूच परत रेतीत ठेवलं आणि कॅमेऱ्यामागं जाऊन उभी राहिली. उभं राहताना हात मोकळे नकोत म्हणून पाटीतल्या उरल्यासुरल्या कळ्या मुठीत घेतल्या.

"ॲक्शन."

आईनं घडी उचलली. बाटली काढली, पदराला पुसली, उजेडात धरून पाहिली. सगळं जसंच्या तसं. चौदा वर्षांपूर्वी ती अशीच बाटली धरायची, एक डोळा बारीक करून, जणू आत मोती शोधतेय. बाटलीत आज साधं पाणी होतं आणि सुईवर टोपण. तिनं रागिणीची बाही वर केली. लहानपणी दवाखान्यात रविवारच्या तपासणीला ओळख झाल्यावर रागिणी एक-दोनदा मळ्यात आली होती. दामिनीला टोचताना भिंतीला टेकून टक लावून बघत राहायची. शहरातल्या पोरीला मडक्याचं नवल, असं दामिनीला तेव्हा वाटायचं.

"काकू, आता ती ओवी. मुंगीची."

आईनं ओवी म्हटली. एकदाही आढेवेढे न घेता.

*मुंगी चावली चावली, माझ्या बाईच्या दंडाले*
*पानी सोड रे दादा, मोगऱ्याच्या झाडाले*

दामिनी मोठी झाल्यावर ही ओवी घरातून आपोआप गेली होती. रात्रीची सुई अजून आईच द्यायची, पण मुकाट. आज ती ओवी निघाली, ती 'माझ्या बाईच्या' म्हणून, आणि आईचा हात त्या दुसऱ्या दंडावर असा फिरला की दामिनीनं मान वळवली. मुठीतल्या कळ्या चुरगळून बोटं ओली झाली.

"अप्रतिम! अजून एकदा."

अजून एकदा झालं. त्याहून एकदा. तिसऱ्या खेपेला रागिणीचा मोबाइल पिपाणीसारखा वाजायला लागला.

"ते बंद ठेव ना," कुलदीप म्हणाला.

"काय वाजून राहिलं?" वच्छलाबाईंनी विचारलं.

"साखर, काकू. दोनशे नव्वद झाली." रागिणीनं मोबाइल उलटा ठेवला. "असंच होते रोज. सकाळी घेतलं होतं तरी."

"कुठी घेतलं?"

"पोटात."

"पोटात कुठी?"

रागिणीनं बेंबीच्या उजवीकडं बोट ठेवलं. वच्छलाबाई घरातलं एवढं शूटिंग विसरूनच गेल्या. कॅमेऱ्याकडं पाठ केली, पदर पसरून आडोसा केला आणि कुर्त्याखालून हात घातला. हात एका जागी थांबला. मग शेजारी सरकला, तिथंही थांबला.

"बाप्पा! ह्या काय सुपाऱ्या वं? ही एक, ही दुसरी... रोज एकाच जागी टोचतेस?"

रागिणीनं हो म्हणून मान हलवली.

"गाठीत दिलं तं लागत नाई औषध. सिस्टरनं आमाले पयल्याच दिवशी सांगतलं होतं. आज दंड, उद्या मांडी. तुले कोनी सांगतलं नाई?"

"सांगतलं होतं."

"मंग?"

"मांडीत लय दुखते, काकू. अन् दंडाच्या मांगं तं हातच नाही पोचत."

"घरचं कोनी देत नाई?"

रागिणीनं रेतीत बोट रुतवलं. "आईले सुई पायली का घेरी येते. अन् पप्पा म्हनायचे, शेजारी कळू देऊ नको, लग्नाचं वांधं होईन. बाथरूमची कडी लावून घेतो मी. पयल्यापासून."

"पयल्यापासून म्हंजे?"

"नऊ वर्साची होतो."

वाफ्यात पाटाचं पाणी वळत होतं, त्याचा तेवढा आवाज. दामिनीनं मूठ उघडली. चुरगळलेल्या कळ्यांचा वास तिच्या नाकाशी आला. अकरा मजल्यांच्या जिन्यात, दोन मजले मागं, रागिणी कठडा धरून उभी राहिली होती. तेव्हा दामिनीनं वरून पाहिलं होतं आणि तिला बरं वाटलं होतं.

"आन तुयं पेन," वच्छलाबाई म्हणाल्या.

"आता? इथं?"

"मंग काय बाथरूममधी? आन म्हनतो न."

रागिणीनं बॅगेतून इन्सुलिनचं पेन काढलं. वच्छलाबाईंनी आकडा किती लावायचा ते विचारलं, दोनदा खात्री केली, रागिणीला अर्धवट वळवून बसवलं आणि दंडाच्या मागची कातडी दोन बोटांत धरली. तिथं मोबाइलला साखर कळवणारी कंपनीची गोल चकती चिकटवलेली होती. त्यांनी तिच्या खालची मऊ जागा निवडली. हे नाटकातलं नव्हतं. ओवीही नव्हती. फक्त म्हणाल्या, "श्वास सोड, माय."

सुई आत गेली. रागिणीचा चेहरा आधी तसाच राहिला. मग हनुवटी थरथरली, ओठ वाकडे झाले, आणि लहान लेकराचं रडू यावं तसं तिला रडू आलं, नाकातोंडातून, आवरायला हातही न पुरावा असं. वच्छलाबाई पेन न हलवता दहापर्यंत आकडे मोजत राहिल्या.

कुलदीपनं फक्त दोन बोटं वर करून कॅमेरा चालू करायची खूण केली. कॅमेरावाल्यानं मान डोलावली, आणि कॅमेऱ्यावरचा लाल ठिपका लागला.

तो दामिनीच्या अगदी जवळ होता. तिनं त्याच्याकडं पाहिलं. मग खाटेपाशी बसलेल्या त्या दोघींकडं. आई सहा म्हणत होती, सात म्हणत होती.

दामिनी दोन पावलं पुढं गेली आणि कॅमेऱ्याकडं पाठ करून उभी राहिली.

"ताई," कुलदीप दबक्या आवाजात म्हणाला, "ताई, फ्रेममध्ये येताय तुम्ही."

"हाव," दामिनी म्हणाली.

आणि हलली नाही.