मडक्याला सांगितलेलं दुखणं

चैत्राचं ऊन चढायच्या आत द्राक्षं उतरवायची असतात, हे सोजरबाई गेनबाला दरवर्षी सांगायची आणि गेनबा दरवर्षी ते नव्यानं ऐकायचा. त्या दिवशीही खडकीच्या मळ्यात सकाळपासून हेच चाललं होतं. गेनबा पांगाऱ्याच्या झाडावर चढवलेल्या वेलाचे घड तोडत होता, त्याची बायको तुळजाबाई ते पाटीत झेलत होती आणि म्हातारी बांधावर बसून तोंड चालवत होती.

"घड तोडतूस का घडाची पूजा करतूस रं?"

"आये, वढून काढलं तर येल फाटंल."

"आन् एक घड पाटीत, चार मनी तोंडात, त्यानं न्हाई फाटत व्हय येल? म्या म्हातारी झाले, आंधळी न्हाई झाले."

तुळजाबाई पदराआड हसली. नवऱ्याला सासूच्या शिव्या बसल्या की तिचा दिवस बरा जायचा.

या घरचं द्राक्षासव पेशव्यांच्या पुण्यात नावाजलेलं होतं. द्राक्षं कुस्करायची, त्यात गूळ, धायटीची फुलं, मिरी, पिंपळी टाकायची आणि मडकी मळ्यातल्या झोपडीपाशी गळ्यापर्यंत जमिनीत पुरून तोंडं लिंपून टाकायची. पुढचं काम मडकं आपसूक करतं. शहरातले वैद्य हे आसव रोग्यांना पळीपळीनं देत. काही रोग्यांचं पळीवर भागत नसे, पण त्याला म्हातारी काय करणार?

घराची एक रीत मात्र होती. जो कोणी औषधाला येईल त्यानं मडक्यावर वाकून आपलं दुखणं आपल्या तोंडानं मडक्याला सांगायचं. मगच पळी बुडायची. सोजरबाईच्या सासूनं ही रीत घातली होती. का घातली ते तिनं कुणाला सांगितलं नाही. देवाधर्माचं काही असेल म्हणून लोकही विचारत नसत.

पाटी भरत आली तेवढ्यात बांधावर तट्टू येऊन थांबलं. तट्टावर बुधवार पेठेतल्या कचेरीचे कारकून यज्ञेश्वरपंत आणि मागं कोयता घेतलेला प्यादा सोनबा.

"दारू करणारी सोजरबाई ती तूच का?" पंतांनी वरूनच विचारलं.

"सोजरबाई म्याच. दारूचं ठावं न्हाई."

"कागाळी आली आहे. दारू करणाऱ्याचे वेल मुळासकट तोडायचे, असा हुकूम आहे. सोनबा, कोयता काढ."

सोजरबाईनं वेलांकडं पाहिलं. वेल तिच्या नवऱ्यानं लावलेले होते. तो गेला तेव्हा ते कमरेलाही लागत नव्हते. गेनबा पाठीशी बांधून आणि नदीचं पाणी डोक्यावर वाहून तिनं ते जगवले होते. कोयत्याला त्याचं काय? पण रडून वेल वाचत नाहीत हे तिला पक्कं ठाऊक होतं, म्हणून ती उठली, पदर खोचला आणि म्हणाली, "तोडा की. पर आदी बघा तरी, दारू हाय का औशिद."

"तेच ठरवायला आलो आहे."

"चाखल्याबिगर कसं ठरवनार?"

"म्हातारे, मी ब्राह्मण आहे. दारू चाखली तर प्रायश्चित्त घ्यावं लागेल."

"आन् औशिद चाखलं तर?"

"औषधाला दोष नाही."

"मग औशिद म्हून चाखा. पर धडधाकट मानसाला म्या औशिद देत न्हाई. काय हुतंय तुमास्नी?"

"मला काहीही होत नाही."

"मग न्हाई मिळायचं."

पंत तट्टावरून उतरले. झोपडीच्या दारात जाऊन तुळजाबाईनं नेमकं त्याच वेळी एका मडक्याचं लिंपण फोडलं, आणि जो वास सुटला तो पंतांच्या नाकात शिरून थेट घशाखाली उतरला. ते आवंढा गिळत म्हणाले, "थोडा खोकला आहे म्हण."

"मला नगा सांगू. मडक्याला सांगा."

पंतांनी इकडंतिकडं पाहिलं, पगडी सावरली आणि वाकून मडक्याच्या तोंडात पुटपुटले. मडकंच ते, घुमलं. 'खोकला आहे' हे चार वाफ्यांपलीकडं ऐकू गेलं. सोजरबाईनं पळसाच्या द्रोणात आसव ओतलं. पंतांनी डोळे मिटून ते संपवलं आणि बराच वेळ उघडले नाहीत.

"काय म्हनतुया खोकला?" गेनबानं विचारलं.

"सरकारी कामात एका मडक्यावरून निर्णय देत नसतात. ते पलीकडचं कशाचं?"

"ते पोटाचं."

"मला वाताचाही त्रास आहे."

वाताचं मडकं गोडसर होतं आणि मागून मिरी लागायची. वातावरून पंत निद्रानाशावर आले.

"मला झोप लागत नाही," असं त्यांनी तिसऱ्या मडक्याला सांगितलं, तेव्हा सोनबा म्हणाला, "पंत, कचेरीत तर तुमी दुपारचं…"

"सोनबा, तुला विचारलेलं नाही."

"मग माजं पाय दुखत्यात, त्ये तरी सांगू का मडक्याला?"

सोनबालाही द्रोण मिळाला. कोयता पांगाऱ्याला टेकवून तो सावलीत बसला आणि पाय चेपू लागला. आता पंतांची नजर अंगणाच्या कोपऱ्यात गेली. तिथं एकच मडकं होतं, काळं पडलेलं.

"ते?"

"ते लई जुनं. मनाच्या दुखन्याचं हाय. ते कुनी मागत न्हाई."

पंत मडक्यापाशी गेले, बसले आणि पगडी काढून मांडीवर ठेवली. मग मडक्यात तोंड घालून म्हणाले, "मला घरात कोणी विचारत नाही."

मडकं घुमलं. तुळजाबाईला हसू फुटणार होतं, पण सासूनं तिच्याकडं असं पाहिलं की ते आतल्या आत जिरलं. सोजरबाईला पंतांची कीव आली, खरंच आली. तिनं द्रोण काठोकाठ भरला. कीव आली म्हणून कोयता विसरावा इतकी मात्र ती खुळी नव्हती.

पंत उठले तेव्हा त्यांना पांगाऱ्याचा आधार लागला.

"मग काय ठरलं?" सोजरबाईनं विचारलं. "दारू ठरली तर सोनबाच्या साक्षीनं तुमी मडक्यामागनं मडकं दारू प्यालासा. औशिद ठरलं तर तुमास्नी रोग हायती, आन् त्येबी मडक्यानं समद्यांच्या कानावर घातल्यात. तुमास्नी कंचं बरं वाटतंय?"

पंतांनी तिच्याकडं पाहिलं. सोजरबाईच्या सासूनं मडक्याला दुखणं सांगायची रीत का घातली होती, ते पुण्याच्या कारकुनाला त्या क्षणी कळलं.

"औषध," ते म्हणाले. "निव्वळ औषध."

"मग पथ्य आलं. आंबट न्हाई, तिखट न्हाई, तळलेलं न्हाई, पुरनाचं तर नावच नगं. मुगाचं कढन घ्यायचं. सोनबा, घरच्या बाईंना समदं नीट सांग बाबा."

"घरी सांगायलाच हवं का?"

"पथ्याबिगर औशिद कसलं, पंत?"

वेल राहिले. पण आठवड्यातच बांधावर बैलांची धमणी येऊन थांबली आणि तिच्यातून नऊवारीचा ओचा सावरत पंतांची बायको मंदाकिनीबाई उतरल्या. सोजरबाई उठून उभी राहिली. तट्टावरून आलेल्या पुरुषाला ती भ्याली नव्हती, पण ही बाई शांत होती.

"इकडच्या स्वारीला तू रोगी ठरवलंस?" मंदाकिनीबाई म्हणाल्या. "लग्न झाल्यापासून त्यांना साधी सर्दी झालेली मी पाहिली नाही. गेल्या श्राद्धाला पुरणपोळ्यांची अख्खी चळत संपवून पुन्हा तूप मागितलं. माझे थोरले भाऊ त्यांच्याच कचेरीत वरिष्ठ आहेत. हे त्यांच्या कानावर घातलं तर?"

गेनबाच्या हातातली पाटी खाली आली. तुळजाबाई वेलाला धरून उभी राहिली. भावाच्या कानावर गेलं की औषधाची पुन्हा दारू ठरणार आणि सोनबा कोयता घेऊन परत येणार, हे सांगायला कुणी नको होतं.

सोजरबाईनं वाद घातला नाही. ती बाईच्या तोंडाकडं बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "बाई, तुमास्नी काय हुतंय?"

मंदाकिनीबाईंनी हातातला ओचा सोडला आणि त्या जवळ आल्या. घरात हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नसावा.

"मला नगा सांगू. मडक्याला सांगा," म्हातारीनं कोपऱ्यातल्या काळ्या मडक्याकडं बोट केलं.

मंदाकिनीबाई मडक्यावर वाकल्या.

"नवरा," त्या म्हणाल्या.

मडकं चांगलंच घुमलं. तुळजाबाईला या खेपेला हसू आवरलं नाही, आणि सासूनंही तिला डोळे दाखवले नाहीत. द्रोण भरला गेला, रिकामा झाला, पुन्हा भरला गेला. बाईंच्या कपाळावरची आठी हळूहळू गेली.

"त्यांनीही याच मडक्याला काही सांगितलं होतं म्हणे. काय ते?"

"मडक्याला सांगितलेलं म्या कुनाला सांगत न्हाई. तुमीच इचारा की घरी." सोजरबाईनं द्रोण पुढं करत विचारलं, "भावाला काय सांगनार, बाई?"

"औषध आहे, आणि गुण येतो, असं सांगेन." मंदाकिनीबाईंनी ओठ टिपले. "दर महिन्याला लागेल मला."

"पर औशिद म्हंजे पथ्य आलं, बाई."

धमणीत चढता चढता मंदाकिनीबाई वळल्या. "माझं पथ्यही त्यांनाच लाव," त्या म्हणाल्या.

त्या वर्षी दसऱ्यापर्यंत यज्ञेश्वरपंत दोन्ही वेळा मुगाचं कढण प्याले.